नाथ पै वक्ते होते, तसेच वकीलही होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बॅरिस्टर नाथ पै यांच्या जयंतीनिमित्त आपल्या २५ सप्टेंबरच्या अंकात आलेला लेख वाचला. लेख चांगला आहे, पण दरवर्षी येतो तसाच आहे. वाणी, कोकणप्रेम, सीमाप्रश्न आणि बेळगावातला तो चटका लावणारा शेवट. हे सगळं खरंच. पण मी कुडाळच्या कोर्टात चाळीस वर्षं वकिली केली आहे आणि मला खटकतं ते हे, की ‘बॅरिस्टर’ ही पदवी आपण त्यांच्या नावामागे केवळ शोभेला ठेवली आहे. लिंकन्स इन या लंडनच्या कायदेसंस्थेतून आणलेलं ते शिक्षण त्यांनी नेमकं कुठे वापरलं, हे कुणी सांगत नाही.

त्यांनी ते वापरलं ते लोकसभेत. लेखात त्याबद्दल अर्धं वाक्य आहे आणि तेही चुकीचं. घटनादुरुस्तीच्या अधिकाराबद्दलचं त्यांचं ‘नाथ पै विधेयक’ मंजूर झालं, असं त्यात म्हटलं आहे. ते मंजूर झालं नव्हतं.

फेब्रुवारी १९६७ मध्ये प्रजा समाजवादी पक्षाच्या झोपडी या चिन्हावर ते राजापूरमधून तिसऱ्यांदा निवडून आले. मी तेव्हा बारा वर्षांचा. आमच्या वाडीत पेट्रोमॅक्सच्या उजेडात त्यांची सभा झाली होती. काय बोलले ते मला आठवत नाही, कुणी आठवतं म्हणालं तर माझा विश्वास बसणार नाही. आठवतं ते एवढंच, की ‘बॅरिस्टर इले, बॅरिस्टर इले’ म्हणत माणसं पायवाटेने धावत होती आणि माझे वडील अंगणात विडी विझवून उठून उभे राहिले होते.

मतदान आटोपलं आणि २७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. जालंधरच्या एका कुटुंबाची पाचशे एकरांवर जमीन पंजाबच्या जमीन कायद्यात सापडली होती. अकरा न्यायमूर्तींपैकी सहा जणांनी ठरवलं, की मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती यापुढे संसदेला करता येणार नाही. आधीच्या दुरुस्त्यांना हात लावला नाही, पण पुढची वाट बंद केली. त्या काळी मालमत्तेचा हक्कही मूलभूत हक्कांतच होता. (हा निकाल देणारे सरन्यायाधीश सुब्बा राव महिना-दीड महिन्यात राजीनामा देऊन विरोधकांतर्फे राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत उतरले. आज असं झालं असतं तर वाहिन्यांनी आठवडा काढला असता.)

एप्रिलमध्ये नाथ पै यांनी खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडायचं विधेयक, मांडलं. मागणी सरळ होती. घटनादुरुस्ती कशी करायची हे सांगणाऱ्या ३६८व्या कलमाने संसदेला घटनेची कोणतीही तरतूद बदलता यावी, मूलभूत हक्कांसकट. विरोधी बाकावरचा, छोट्या पक्षाचा खासदार सरकारच्या नव्हे, तर संसदेच्या अधिकारासाठी भांडत होता. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, परत आलं, चर्चा रेंगाळली. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभाच विसर्जित झाली आणि विधेयक तिच्याबरोबर गेलं. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करण्याच्या बेळगावच्या सभेत नाथ पै बोलले. त्यानंतर काही तासांतच, १८ जानेवारी १९७१ रोजी, त्यांचं निधन झालं. वय ४८. त्याच वर्षी इंदिरा गांधींच्या सरकारने २४वी घटनादुरुस्ती केली. तिचा गाभा नाथ पै यांच्या विधेयकाचाच होता.

माझ्या मते विधेयकात मोठी खोट होती. संसदेला काहीही बदलू द्यायचं, तर उद्या बहुमताच्या जोरावर कोण काय बदलेल याला कुंपण कुठलं? घटनेत भराभर बदल करणारी आणीबाणीतली ४२वी दुरुस्ती आम्ही विद्यार्थी असताना पाहिली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या केशवानंद भारती निकालात सात विरुद्ध सहा अशा मतांनी मधली वाट निघाली. मूलभूत हक्कांतही दुरुस्ती करता येईल, पण घटनेची मूळ चौकट मोडता येणार नाही. म्हणजे नाथ पै यांचं अर्धं म्हणणं न्यायालयाने उचललं, अर्धं फेटाळलं. कुठल्याही वकिलाला विचारा, अर्धा दावा मंजूर होणं ही लहान गोष्ट नाही.

मात्र त्यांना हा प्रश्न एवढा का बोचला असावा, याचं उत्तर मला आमच्या घरच्या पत्र्याच्या ट्रंकेत दिसतं. वडील कूळ होते, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची जमीन कसत होते. सातबाऱ्यावर त्यांचं नाव वर्षानुवर्षं ‘इतर हक्कां’त होतं. कुळकायद्याखाली जमिनीची किंमत ठरवणारी ३२-ग कलमाची चौकशी झाली, हप्ते भरले, मग खरेदीचं ३२-म कलमाचं प्रमाणपत्र हाती आलं आणि नाव कब्जेदार म्हणून चढलं. राजापूर मतदारसंघात अशी घरं वाडी-वाडीला होती. जमीनमालकाच्या मालमत्तेच्या हक्काला यापुढे संसदेनेही हात लावायचा नाही, ही बातमी तिथे कशी ऐकू गेली असेल, हे त्या खासदाराला दिल्लीत बसून कुणी सांगायची गरज नव्हती. हा माझा तर्क आहे, पुरावा म्हणून मी तो कोर्टात मांडणार नाही.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या जयंतीला त्यांच्या वक्तृत्वावर आणखी एक लेख छापण्यापेक्षा या विधेयकावरच्या चर्चेतला एखादा तुकडा मराठीत द्यावा. लोकसभेतली जुनी भाषणं संसदेच्या संकेतस्थळावर मिळतात. भाषांतराला माणूस नसेल तर मी करून देतो, मानधन नको. आणि विधेयक मंजूर झाल्याची चूक मात्र उद्याच्या अंकात दुरुस्त करावी.

आपला,
एक निवृत्त वकील
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग