चेहराच बदलला असेल तर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हॉस्पिटलच्या गेटवर आता कागदी पासऐवजी चेहरा ओळखून आत सोडणारं मशीन, ही तुमची कालची बातमी वाचली. फोटोही बघितला, मशीनसमोर उभे असलेले गृहस्थ, दाढी केलेले, इस्त्रीचा शर्ट, हसरे. वॉर्डबाहेर असा नातेवाईक मी तरी अजून पाहिला नाही. सुरक्षा आणि सुविधा हे दोन शब्द बातमीत इतक्या वेळा आलेत की पेशंट कुठाय ते शोधावं लागलं.

आमचं हे मशीन भोगून झालंय. माझ्या धाकट्या दिरांना तोंडाचा कॅन्सर (तंबाखू, दुसरं काय). पुण्यातलं एक मोठं हॉस्पिटल, नाव लिहीत नाही कारण ट्रीटमेंट अजून तिथेच चालू आहे. फाईल काढतानाच पेशंटचा आणि सोबतच्या एकाचा चेहरा घेतला. मग ऑपरेशन झालं, खालचा अर्धा जबडा काढला, छातीचं कातडं-मांस फिरवून गालाला लावलं, नाकात नळी. डिस्चार्जनंतर ड्रेसिंगला गेलो तर गेट उघडेना. सिक्युरिटीवाला म्हणतो, मावशी, सिस्टिम घेत नाहीये, त्यांना रुमाल काढायला सांगा. अहो, भाऊजी घरात पोरांसमोरसुद्धा तो रुमाल काढत नाहीत. तिथे काढला, मागे ही रांग, आणि एवढं करून दिवा लालच. लाल असणारच ना, मशीनमध्ये जो चेहरा साठवलाय तो यांच्याच डॉक्टरांनी कापून काढलाय! त्यांना बोलता येत नाही, मोबाईलवर टाईप करून दाखवत होते की फाईलमधला तो मीच आहे. शेवटी ड्रेसिंगवाल्या सिस्टर खाली आल्या, लांबूनच ओळखलं आणि हाताला धरून घेऊन गेल्या.

आणि हे एकट्या भाऊजींचं नाही हो. केमोने भुवया जातात, स्टेरॉइडने तोंड सुजतं, लकव्याने एक बाजू ओघळते, भाजलेल्यांचं तर बोलूच नका. एअरपोर्टवर निदान माणूस ज्या चेहऱ्याने आत जातो त्याच चेहऱ्याने विमानात बसतो. शिवाय तिथली डिजीयात्रा, म्हणजे चेहरा बघून आत सोडायची सोय, ऐच्छिक आहे, नको असेल तर ओळखपत्र दाखवा आणि जा, आणि विमान गेल्यावर २४ तासांत डेटा पुसतो असं सरकारच सांगतं. हॉस्पिटलात पेशंट गेला किंवा घरी आला तरी चेहरा किती वर्षं ठेवणार, ते तुमच्या वार्ताहराने विचारलं का? २०२३ च्या डेटा कायद्यात संमती मोकळेपणाने दिलेली हवी असं लिहिलंय म्हणे. पेशंट स्ट्रेचरवर असताना कसली मोकळी संमती, जिथे बोट दाखवतील तिथे सही करतो माणूस.

डॉक्टरांना मारहाण होते हे मान्य, आणि ती थांबलीच पाहिजे. पण २०१७ ला धुळ्यात डॉक्टरला मारलं आणि राज्यभर निवासी डॉक्टर रजेवर गेले, तेव्हा मारणारे पेशंटसोबत आलेलेच लोक होते. कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलात २०२४ मध्ये डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून करणारा तो नराधम तर पोलिसांचाच सिव्हिक व्हॉलंटियर, हॉस्पिटलात कुठेही बिनदिक्कत फिरणारा. या सगळ्यांसाठी गेट टुणकन उघडलं असतं. अडकणार कोण, तर रुमाल बांधलेला पेशंट आणि गावाहून डबा घेऊन आलेली म्हातारी, जिचा चेहरा घ्यायचा राहून गेला.

बरं, मशीन बसवायचंच असेल तर बसवा बापडे, पण शेजारी एक साधा माणूस ठेवा, फाईल आणि आधार बघून आत सोडायचा अधिकार असलेला. आमच्या सिक्युरिटीवाल्याला तोच नव्हता, तो तरी काय करणार बिचारा. आणि पेशंटला यातून वगळाच, तो काय मजा म्हणून आत येतोय का?

जाता जाता, लिहितेच आहे तर. तिथे व्हीलचेअर हवी असेल तर ओरिजिनल आधार कार्ड काउंटरवर ठेवून घेतात. दोघांचे चेहरे घेतलेत, फोन नंबर घेतलाय, ॲडव्हान्स तर सगळ्यात आधी घेतलाय, तरी आम्ही खुर्ची पळवून नेऊ ही भीती आहेच! तीही चाक अडकणारी खुर्ची. त्यावर एक बातमी करा, फोटोसाठी भाऊजींना नाही पण खुर्चीला नक्की उभं करते.

आपली,
एक वाचक, सातारा