आविला घाईत उरकू नये

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

स्पेनच्या सहलींच्या ज्या पत्रिका माझ्या पाहण्यात आल्या, त्यांत माद्रिद आणि बार्सिलोना ठरलेलेच असतात. आविला हे तटबंदीचे नगर मात्र असलेच, तर आदाखा नदीपलीकडच्या ‘क्वात्रो पोस्तेस’ या ठिकाणावरून छायाचित्रे काढण्यापुरते. हे नगर नुकतेच पाहून आल्यामुळे, त्याला किमान एक मुक्काम मिळावा, असे मी आग्रहाने लिहीत आहे.

नदीपलीकडून सुमारे अडीच किलोमीटरचा तट आणि त्याचे ८० हून अधिक अर्धगोल बुरूज एका नजरेत भरतात, हे खरे; पण त्याची खरी ताकद तिथून दिसत नाही. पश्चिमेला उतार आणि नदी यांचे संरक्षण होते, पूर्वेची जमीन मात्र सपाट. त्यामुळे सर्वांत भक्कम बांधकाम त्या बाजूला केले गेले. तिथल्या आल्काझार दरवाजाचे दोन भव्य बुरूज वर कमानीने जोडलेले आहेत, आणि जवळच कॅथेड्रलची मागची अर्धगोल बाजू चर्यांसह तटातच बुरुजासारखी गुंफली आहे. देवालयाकडून असे उघडउघड लढाऊ काम करून घेतलेले मी अन्यत्र पाहिले नाही.

याच बाजूने पायी जाताना भिंतीचे दगड जवळून पाहावेत. त्यांतले कित्येक रोमन काळातील दफनभूमीतून आणलेले असून, मृतांची रक्षा ठेवण्यासाठी कोरलेले खळगे काहींवर आजही ओळखू येतात. कास्तील-लेऑनचा राजा सहावा आल्फोन्सो याने १०८५ मध्ये टोलेडो शहर जिंकल्यावर त्याचा जावई बरगंडीचा रेमंड याने आविला पुन्हा वसवले आणि तट उभारला, अशी परंपरा आहे. सध्याचे बरेचसे बांधकाम मात्र बाराव्या शतकातील मानले जाते. तिकीट काढून फांजीवरून, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या वाटेने, चालताही येते.

युनेस्कोने १९८५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा देताना तटाबाहेरच्या चर्चांचाही समावेश केला, ही गोष्ट आपल्या पत्रिकांत कुठेच येत नाही. सान विसेंते हे देखणे चर्च त्याच नावाच्या दरवाजाबाहेर काही पावलांवर आहे. १५१५ मध्ये जन्मलेल्या आविलाच्या ख्रिस्ती संत तेरेसा ज्या मठात साध्वी म्हणून दीर्घकाळ राहिल्या, तो एन्कार्नासिओनचा मठ आणि त्यांनी १५६२ मध्ये स्थापन केलेला सान होसेचा मठ, हे दोन्हीही तटाबाहेरच आहेत. तासाभराच्या थांब्यात यांतले काय पाहून होणार?

माद्रिदहून रेल्वेने साधारण दीड-दोन तासांत येथे पोहोचता येते. उंची अकराशे मीटरहून अधिक असल्याने उन्हाळ्यातही रात्री गरम कपडे जवळ ठेवावेत. सहल आखणाऱ्यांनी पूर्वेकडची पायी फेरी आणि तटाबाहेरची ही ठिकाणे कार्यक्रमात घालावीत, आणि आपल्या पर्यटन पुरवणीनेही आविलाची नकाशासह माहिती द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे