सहावं बोट कोणी पाहिलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडच्या ट्यूडर राजघराण्यावरचा पानभर लेख वाचला. लेख चटकदार आहे, एका बैठकीत संपतो. तक्रार त्याबद्दल नाही. माझी पस्तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली. ठाम विधान दिसलं की समासात ‘हे म्हणतंय कोण?’ असं लिहायची हाताला सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटत नाही. तुमचं पानसुद्धा पेन्सिलीनं रंगवून ठेवलंय.

ॲन बोलिनचंच घ्या. आठव्या हेन्रीची ही दुसरी राणी. १९ मे १५३६ रोजी लंडनच्या टॉवरमध्ये तिचा शिरच्छेद झाला. तिच्या उजव्या हाताला सहा बोटं होती, असं लेखात ठोकून दिलंय. हे बोट दिसतं निकोलस सँडरच्या लॅटिन पुस्तकात. सँडर हा परागंदा झालेला कॅथलिक पाद्री. पुस्तक निघालं १५८५ साली, तेही तो वारल्यावर. ॲन गेली तेव्हा हा जेमतेम पाच-सहा वर्षांचा पोर! आणि जिच्यापायी राजानं पोपशी फारकत घेतली, तिच्याबद्दल कॅथलिक पाद्री गोड कशाला लिहील? उलट पवित्र रोमन सम्राटाचा वकील शापुई त्या काळात दरबारात वावरत होता. ॲनला राणी म्हणायला त्याची जीभ रेटत नसे, पत्रांत तो तिला ‘रखेल’ म्हणे. असं व्यंग असतं तर त्यानं ते सोडलं असतं? त्याच्या पत्रांत बोटाचं नाव नाही.

चित्राची तर गंमतच. काळा पोशाख, गळ्यात मोत्यांचा सर, त्याला लटकलेलं सोनेरी ‘बी’ अक्षर. सगळ्यांच्या ओळखीचं चित्र. खाली तुम्ही ओळ छापलीत, ‘हात लपवणारी राणी’. अहो, चित्रच छातीपर्यंतचं आहे, हात येणार कुठून! शिवाय ते तिला समोर बसवून काढलेलं नाही. ती गेल्यावर कित्येक वर्षांनी, सोळाव्या शतकाच्या अखेरीस केलेली ती नक्कल आहे.

चौथ्या राणीला, क्लीव्ह्जच्या ॲनला, हेन्री ‘फ्लँडर्सची घोडी’ म्हणाला म्हणे. लग्न १५४० चं, आणि ही घोडी बिशप बर्नेटच्या पुस्तकात येते सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात. राजाला ती पसंत पडली नव्हती हे लग्न रद्द करतानाच्या कागदांत आहेच, त्यासाठी घोडीची गरज नाही. खरी गोष्ट तर याहून झकास आहे. सहा महिन्यांत लग्न मोडलं, बाईनं आकांडतांडव केलं नाही, रिचमंडचा वाडा आणि हीव्हरची गढी (ॲन बोलिनच्या माहेरची!) पदरात पाडून घेतली आणि १५५७ पर्यंत जगली. हेन्री आणि त्याच्या बाकीच्या पाचही राण्या तोवर गेलेल्या होत्या. लेखात यातलं अक्षरही नाही. दरबारी वॉल्टर रॅलेनं एलिझाबेथ राणीसाठी चिखलावर झगा अंथरला, हे मात्र आहे. ते सांगतो थॉमस फुलर, १६६२ साली. राणी वारली १६०३ ला.

रविवारच्या वाचकाला तळटीपा नकोत, मान्य. पण ‘विरोधी पंथाचा एक पाद्री पन्नासेक वर्षांनी लिहितो’ हे सात शब्द घातले असते तर काय बिघडलं असतं? मला तर त्यानं गोष्ट जास्तच रंगतदार वाटते. शिवरायांच्या पदरच्या सभासदाची बखर आणि शंभरेक वर्षांनंतरची चिटणिसांची बखर आपण एका तराजूत घालत नाही. मग ट्यूडरांनाच ही सवलत का?

पुढच्या रविवारी स्टुअर्ट घराणं येणार, असं तळाशी म्हटलंय. दुसरा चार्ल्स आला की त्याची प्रेयसी, एके काळी नाटकगृहात संत्री विकणारी नेल ग्विन आणि तिची संत्री येणारच, येऊ देत. पण ‘मुंबई आंदण मिळाली’ एवढ्या तीन शब्दांवर ते प्रकरण उरकू नका. १६६१ च्या तहात पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन चार्ल्सला दिली, तिच्याबरोबर मुंबई आली खरी, पण ताबा घ्यायला आलेल्या अब्राहम शिपमनला पोर्तुगीजांनी ती दिलीच नाही. त्याचे शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर तळ ठोकून वाट पाहत राहिले आणि एकेक करत मेले. शिपमनही १६६४ मध्ये तिथंच गेला. चारशेंतले शंभरेक उरले, ते शिपमनचा सचिव हंफ्रे कुक याच्याबरोबर १६६५ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. आणि एवढं होऊन १६६८ मध्ये राजानं मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, वर्षाला दहा पौंड भाड्यानं.

जाता जाता एक किरकोळ दुरुस्ती. त्या राणीचं आडनाव एकाच पानावर बोलिन, बोलेन आणि बुलीन असं तीन तऱ्हांनी पडलंय. कुठलंही चालेल, पण एकच ठेवा.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक, सांगली