मुलाखतीत नजर तपासायची की काम?

संपादक महोदय,

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) प्रौढांविषयी लिहिताना 'त्यांना दुसऱ्याचे मन कळत नाही' असे सरसकट विधान अजूनही केले जाते. हे विधान अर्धवट आहे आणि त्याचा सर्वाधिक फटका नोकरीच्या मुलाखतीत बसतो, म्हणून हे पत्र.

समोरच्याची नजर, आवाजातला चढउतार, न बोललेला हेतू हे बहुतेकांचा मेंदू बोलता बोलता आपसूक टिपत असतो. आत्सुशी सेंजू आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडलेल्या प्रयोगात अ‍ॅस्पर्गरचे, म्हणजे स्वमग्नतेच्याच एका प्रकाराचे, निदान झालेल्या प्रौढांना, एखाद्याचा गैरसमज झाला असेल तर तो कसा वागेल, हे शब्दांत विचारल्यावर अचूक सांगता आले. मात्र काही न विचारता असेच नुसते दृश्य दाखवले, तेव्हा गैरसमज झालेल्या दृश्यातील व्यक्तीच्या पुढच्या हालचालीच्या दिशेने त्यांची नजर आधीच वळली नाही. म्हणजे समज असते, पण ती आपसूक कामाला लागत नाही. ती जाणीवपूर्वक वापरावी लागत असेल, तर उत्तराला लागणाऱ्या वेळाला मंदपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

नजरेला नजर न देण्याचेही तसेच. नूशीन हाजीखानी यांच्या गटाने २०१७ मध्ये मेंदूचे स्कॅन घेऊन दाखवले की, चेहऱ्यातील डोळ्यांकडेच पाहायला लावल्यावर स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूतील चेहरे व भावना टिपणारी खोलवरची यंत्रणा इतरांपेक्षा जास्त उत्तेजित होते. ज्याला आपण बेफिकिरी समजतो, ती बऱ्याचदा स्वतःला सावरण्याची धडपड असते.

माझा धाकटा भाऊ स्वमग्न आहे आणि हिशेब तपासण्यात त्याचा हात धरणारा मी पाहिलेला नाही. एका मुलाखतीत 'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर तो टेबलाच्या कडेकडे पाहत बराच वेळ गप्प राहिला आणि मग 'नेमके कशाबद्दल?' असे त्याने विचारले. प्रश्न रास्त होता; तिथे तो उद्धटपणा ठरला. ताळेबंद त्याच्यापुढे कोणी ठेवलाच नाही.

दोष एकाच बाजूला नाही, हेही आता स्पष्ट होत आहे. नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात स्वमग्न प्रौढांच्या काही सेकंदांच्या चित्रफिती पाहूनच लोकांचे त्यांच्याविषयी प्रतिकूल मत झाले. त्यांचे तेच बोलणे केवळ लिखित स्वरूपात वाचायला दिल्यावर हा फरक उरला नाही. डॅमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या अभ्यासकाने २०१२ मध्येच म्हटले होते की न समजण्याची अडचण दुहेरी आहे. प्रत्येक स्वमग्न व्यक्ती वेगळी असते हे खरे, परंतु पहिल्या छापेवर माणूस नाकारण्याची आपली सवय मात्र सगळीकडे सारखीच दिसते.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ ने स्वमग्नतेला २१ दिव्यांगत्वांत स्थान दिले आहे, आणि सरकारी नोकऱ्यांतील दिव्यांगांच्या ४ टक्के आरक्षणातील १ टक्का ज्या प्रवर्गांसाठी आहे, त्यांत स्वमग्न व्यक्ती येतात. वाजवी सोयी पुरवण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. तिचा आधार घेऊन शासनाने आणि खासगी आस्थापनांनीही अशा उमेदवारांना प्रश्न आदल्या दिवशी लेखी द्यावेत, एका वेळी एकानेच प्रश्न विचारावा, नजर व देहबोलीचे गुण वगळावेत आणि तासभर प्रत्यक्ष काम करून घेऊन निवड करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपली नम्र,
एक वाचक, नाशिक