‘कोयता’ मोजताना बाई कुठे जाते?

महोदय,

व्यवस्थापनशास्त्रात साखर कारखान्याचा अभ्यास म्हटला की उतारा (उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण), गाळप, वाहतूक खर्च हे आकडे ठरलेले. जर्मन तत्त्वज्ञ माक्स होर्कहायमर यांनी १९३७ च्या निबंधात चालू व्यवस्था गृहीत धरणाऱ्या सिद्धांतापासून चिकित्सक सिद्धांत वेगळा काढला. तो फरक इथे थेट कामाला येतो: ही मापे कोणी ठरवली आणि त्यांत कोण दिसत नाही?

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, टोळी जमवणाऱ्या मुकादमामार्फत, बहुधा नवऱ्याच्या हाती, मजुरी टनावर. त्यामुळे बाईने मोळ्या बांधल्या, डोक्यावरून गाडीत चढवल्या, वर कोपीवर (तात्पुरत्या झोपडीत) स्वयंपाक केला, तरी हिशेबात तिचे नाव नाही. हे नोंदवहीचे दुर्लक्ष नव्हे, स्वस्त श्रमाची रीतच आहे.

संशोधकांची चूक सहसा पहिल्याच दिवशी होते. प्रश्नावली कारखान्याच्या शेतकी विभागातून किंवा मुकादमाकडून वाटली जाते. ज्याची उचल फिटायची आहे, तो मुकादमासमोर ‘समाधानी’ याच चौकटीत खूण करणार, दुसरे काय! मुलाखती मुकादमाच्या अपरोक्ष, बायकांच्या वेगळ्या घ्याव्यात. तोडणी, मोळी, भराई, वाट पाहणे यांचे तास स्वतंत्र लिहावेत. उचल, कापलेले खाडे आणि हंगामाअखेरची बाकी एकाच कागदावर मांडावी. तो कागद मराठीत, नावे वगळून, साखर संघ (सहकारी कारखान्यांची संघटना) आणि कामगार संघटनांच्या दरवाटाघाटींपूर्वी मजुरांच्या हाती पडला पाहिजे. इंग्रजी नियतकालिकात दोन वर्षांनी छापून आला, तर तोवर करार होऊन गेलेला असतो.

– व्यवस्थापनशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे