ग्राफिक्स टॅब्लेट घेताना खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शिक्षणविषयक पुरवणीत फोटोग्राफीच्या अभ्यासक्रमांवर लेख आला होता. त्यात ‘विद्यार्थ्यांनी एक चांगला ग्राफिक्स टॅब्लेट घ्यावा’ असं जाता जाता म्हटलं आहे. ग्राफिक्स टॅब्लेट किंवा पेन टॅब्लेट म्हणजे कॉम्प्युटरला जोडायची पाटी; तिच्यावर खास पेन फिरवलं की रेघ पडद्यावर उमटते. पण चांगला म्हणजे कोणता, हे मात्र लेखात कुठेच नाही. आता प्रवेश झाले की आईवडील मुलांना घेऊन दुकानात जाणार आणि दुकानदार पुढे करेल तो चांगला ठरणार. म्हणून हे पत्र.

मी फोटो रिटचिंगचं, म्हणजे फोटोतले दोष हातानं सुधारण्याचं काम करते. हे काम आमच्या घरात वडिलांपासून आहे. पेठांमधल्या स्टुडिओंच्या निगेटिव्ह आमच्याकडे यायच्या. वडील तिरक्या डेस्कवर बसत, खालून आरशानं उजेड वर घेतलेला असे. निगेटिव्हवर रिटचिंग मिडियम नावाच्या चिकटसर द्रवाचं बोट फिरवायचं, म्हणजे गुळगुळीत फिल्मवर पेन्सिल धरते. पेन्सिल सँडपेपरवर घासून सुईसारखी लांब करायची आणि डोळ्यांखालच्या सुरकुतीवर बारीक स्वल्पविरामांसारख्या रेघा भरत जायच्या. सुरकुती निगेटिव्हमध्ये फिकी असते. तिथे शिसं भरलं की प्रिंटमध्ये ती उजळते. सगळा खेळ हाताच्या दाबाचा. जरा जास्त दाब पडला की प्रिंटवर पांढरा ओरखडा, आणि मग ग्राहकाची बोलणी.

कॉम्प्युटर आल्यावर हे काम माउसवर गेलं आणि दाब नावाची गोष्टच कामातून गेली. माउसचं बटण एकतर दाबलेलं असतं, नाहीतर सुटलेलं. पेन टॅब्लेटनं तो दाब परत दिला. रांगोळी घालताना चिमूट सैल सोडली की रेघ जाड येते, आवळली की बारीक. पेनाचं गणित त्याच जातीचं आहे, फक्त इथे दाब वाढला की रेघ जाड किंवा गडद होते. फोटोच्या कामात टॅब्लेटचा खरा उपयोग एवढाच. चित्रकला येत नाही म्हणून टॅब्लेट नको, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. रिटचिंगला चित्रकला लागत नाही, हात लागतो.

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे येते. ‘८१९२ प्रेशर लेव्हल’, ‘१६३८४ प्रेशर लेव्हल’ असं, म्हणजे पेन दाबाच्या किती पायऱ्या ओळखतं तो आकडा, मोठ्या अक्षरात छापलेलं असतं आणि दुकानदार त्यावरच बोट ठेवतो. आपण जी जेपीईजी फाइल छापायला देतो, तिच्यात लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाच्या जेमतेम २५६ छटा असतात. दाबाच्या पायऱ्या आणि रंगाच्या छटा या वेगळ्या गोष्टी आहेत, मान्य. पण ८१९२ आणि १६३८४ यांतला फरक ज्याच्या हाताला कळेल असा माणूस मला अजून भेटायचा आहे. पूर्वीच्या २०४८ पायऱ्यांच्या टॅब्लेटवरही उत्तम कामं झालेली आहेत. पैसे मोजायचे ते दुसऱ्या गुणासाठी: पेन किती हलक्या स्पर्शाला दाद देतं. काही पेनं नुसती टेकवली तरी रेघ उमटवतात, काहींना ढोसावं लागतं. हे खोक्यावरून कळत नाही. पेन हातात धरून, एक फिकट रेघ ओढूनच कळतं.

बॅटरीचं पेन घेऊ नका. जपानी वॅकॉमनं रूढ केलेल्या पद्धतीत टॅब्लेटच्या पाटीखालून विद्युतचुंबकीय लहरी जातात, पेनातली तारेची गुंडाळी त्यांना प्रतिसाद देते, त्यावरच पेनाचं काम चालतं. चार्जिंगची भानगड नाही, पेन हलकं. आता हुऑन, एक्सपी-पेन या चिनी कंपन्यांचीही बिनबॅटरीची पेनं मिळतात आणि किमतीला बरीच खाली असतात. शिकणाऱ्या मुलाला ती पुरेशी आहेत, हे माझं मत. आमच्या धंद्यातले काही जण यावर नाक मुरडतील, मुरडोत.

मापाकडे मात्र कोणी लक्ष देत नाही, आणि खरी मेख तिथे आहे. माप म्हणजे पाटी केवढी हे नव्हे, तिच्यावर पेन चालतं तो चौकोन केवढा. वॅकॉमच्या इंटुओस मालिकेतल्या लहान टॅब्लेटचा हा चौकोन साधारण १५ सेंटिमीटर रुंद आहे, मध्यमचा साडेएकवीस. २४ इंची मॉनिटर रुंदीला सुमारे ५३ सेंटिमीटर भरतो. म्हणजे लहान टॅब्लेटवर हात एक सेंटिमीटर सरकला की पडद्यावर कर्सर साडेतीन सेंटिमीटर धावतो, मध्यमवर अडीच. पापणीच्या कडेनं ब्रश फिरवताना हा फरक मनगटात जाणवतो. लॅपटॉपच्या १४-१५ इंची पडद्यावर काम असेल तर लहान चालेल, दप्तरातही मावेल. घरी मोठा मॉनिटर असेल तर मध्यमच. मोठ्या मापाचा मी कोणाला सुचवत नाही. फोटोच्या कामात सारखे टूल बदलावे लागतात आणि खांद्यापासून हात फिरवून माणूस दमतो. शिवाय आपल्याकडच्या टेबलावर कीबोर्ड, चहाचा कप आणि तो टॅब्लेट एकत्र नांदत नाहीत.

दोन मॉनिटर जोडले असतील तर ड्रायव्हरमध्ये, म्हणजे टॅब्लेट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टॅब्लेट एकाच मॉनिटरला बांधा, नाहीतर तोच चौकोन दोन पडद्यांवर ताणला जातो. प्रमाण कायम ठेवण्याची खूणही तिथेच असते, ती चालू करा. नाहीतर पाटीवर गोल काढला की पडद्यावर अंडं उमटतं.

पडद्याच्या टॅब्लेटबद्दल, म्हणजे ज्याच्या स्क्रीनवरच पेन टेकवायचं त्याबद्दल, मुलांचा फार हट्ट असतो. चित्र काढणाऱ्यांना, ॲनिमेशनवाल्यांना त्याचा उपयोग आहे, नाकारत नाही. फोटोसाठी मला तो पटत नाही. जिथे काम चाललंय तिथेच आपला हात आडवा येतो. मान खाली घालून बसावं लागतं. आणि रंगांची पंचाईत वेगळी: शेजारच्या मॉनिटरवर त्वचा एका रंगाची, टॅब्लेटवर दुसऱ्या, अल्बम छापून आल्यावर कोणाला खरं मानायचं? त्या पैशात साधा मध्यम टॅब्लेट घ्या आणि उरलेल्यातून बऱ्या रंगांचा मॉनिटर बघा. ‘हात खाली आणि नजर वर, हे जमणार कसं?’ असं पालक विचारतात. माउस वापरताना तरी कोण हाताकडे बघतं? थोडे दिवस अवघड जातं, मग कळतही नाही. त्या दिवसांत माउस कपाटात ठेवावा. मेल उघडणं, फोल्डर लावणं, सगळं पेनानंच करावं.

नवा टॅब्लेट जोडल्यावर ‘हा खराब आहे’ म्हणून मुलं परत घेऊन जातात, त्यातले बरेचसे खराब नसतात. विंडोजमध्ये पेन टेकवून धरलं की एक वर्तुळ उमटतं आणि राइट क्लिक होतो, त्यामुळे ब्रश अडखळतो; पेनाच्या सेटिंगमध्ये ते बंद करता येतं. आधी दुसऱ्या कंपनीचा टॅब्लेट असेल तर त्याचा ड्रायव्हर पुसून टाका, दोन ड्रायव्हर एकमेकांच्या तंगड्यात पाय घालतात. मॅकवर ड्रायव्हरला प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये परवानगी द्यावी लागते. गिंप या फुकटातल्या फोटो-सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांनी इनपुट डिव्हायसेसमध्ये जाऊन पेनाचा मोड ‘स्क्रीन’ करावा, तोवर दाब लागू होत नाही. एवढं केल्यावरही अडलं, तर दुकानात जा.

आणि मग दाब कशाला जोडायचा ते शिका. फोटोशॉपमध्ये वरच्या पट्टीत पेनाच्या खुणेची दोन छोटी बटणं असतात: एकानं दाबाप्रमाणे ब्रशची अपारदर्शकता बदलते, दुसऱ्यानं आकार. त्वचेवर काम करताना मी पहिलं चालू ठेवते आणि दुसरं बंद. सुटलेले केस काढताना किंवा नवे ओढताना उलट.

अलीकडेच एका लग्नाचा अल्बम हातात होता. नवरीचा जवळून घेतलेला फोटो, फ्लॅश बाजूनं, आणि नथीच्या मोत्यांची सावली थेट वरच्या ओठावर. लांबून बघणाऱ्याला मिशीच वाटावी. ही सावली पुसून टाकली तर नथ नाकाला न लागता हवेत तरंगते. म्हणून ती काढायची नाही, उजळायची. मूळ फोटोला हात न लावता वर एक लेयर, म्हणजे वेगळा थर घेतला, पन्नास टक्के करड्या रंगानं भरला आणि त्याचा मोड, म्हणजे खालच्या फोटोत मिसळण्याची पद्धत, सॉफ्ट लाइट केला. मग तो करडा रंग दिसतच नाही. त्यावर पांढरा ब्रश, फ्लो (रंग किती भराभर उतरतो ते) पाच टक्के. सावलीच्या मध्यावर पेन जरा टेकवून, कडेकडे जाताना उचलत. मोत्याजवळ आलं की नुसतं पेनाचं टोक. माउसनं हेच करायला गेलं तर दर दोन क्लिकला अपारदर्शकता बदलत बसावं लागतं, आणि मोत्याच्या कडेला पांढरी झालर येते ती वेगळीच.

हळदीच्या फोटोत तर हे फार लागतं. कॅमेऱ्याचा पिवळेपणा काढायला गेलं की हळदही जाते. मास्कवर, म्हणजे बदल कुठे दिसावा ते ठरवणाऱ्या थरावर, पेनानं गालावरची हळद तेवढी परत आणायची, गळ्याशी हलकी, कपाळावर थोडी जास्त.

इथे एक सांगून टाकते, विषय थोडा बाजूचा आहे. पेन हाती आलं की मुलं चेहऱ्याला गिलावा करायला बसतात. फोटोग्राफरही ‘ताई, गोरी करा’ म्हणून फाइल पाठवतात. मी करत नाही. गालावरचा तीळ नवरीच्या आईला पाठ असतो, तो गेला की पहिला फोन तिचा येतो. मुरूम काढा, तीळ ठेवा.

पेनाचं टोक म्हणजे निब, ती झिजते. एका बाजूनं घासून तिला धार येते आणि मग पाटीवर चरे पडतात. तसं दिसलं की बदलावी. चिमट्यानं किंवा सोबत दिलेल्या कडीनं ती उपटून निघते. मला गुळगुळीत पाटी आवडत नाही, मी तिच्यावर पातळ कागद चिकटवते. पेन कागदातूनही चालतं आणि हाताला पेन्सिलीची खरखर मिळते, पण निब दुप्पट वेगानं संपतात. पेन हरवलं तर दुसऱ्या मॉडेलचं बहुधा चालत नाही. म्हणून घेतानाच विचारा, या मॉडेलचं पेन आणि निब सुट्या मिळतात का.

नात्यातल्या एका मुलाला घेऊन मी शहरातल्या एका दुकानात गेले होते. ‘पेन चालवून बघू का?’ म्हटलं, तर ‘खोकं फोडता येणार नाही, काकू, व्हिडिओ बघा’ असं उत्तर मिळालं. साडी घेताना आपण पदर उलगडून बघतो, आणि हजारो रुपयांचं हे साधन मात्र खोक्यावरच्या चित्रावरून घ्यायचं! इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातल्या तापकीर गल्लीपासून उपनगरांपर्यंत हा माल विकणाऱ्या सगळ्याच दुकानदारांना माझी विनंती आहे: लहान आणि मध्यम असा एकेक टॅब्लेट उघडून एखाद्या जुन्या कॉम्प्युटरला जोडून ठेवा. लोकांना पाच मिनिटं रेघा ओढू द्या. गिऱ्हाइकाला बजेट विचारण्याआधी घरचा मॉनिटर किती इंची आहे ते विचारा. आणि निबांची पाकिटं काउंटरवर ठेवा, त्यासाठी ऑनलाइन मागवून आठवडाभर थांबायला लावू नका.

आपली,
एक वाचक आणि रिटचर
नारायण पेठ, पुणे ३०