बियाण्याची पुडी नंतर, आधी न्हाणीचं पाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की गावोगावी भाजीच्या बियाण्यांच्या पुड्या वाटल्या जातात, फोटो निघतात. पोळ्यापर्यंत बऱ्याच परसबागा तणात गेलेल्या असतात आणि होळीला तिथे भेगाळलेली काळी जमीन तेवढी दिसते. घरच्या बाईनं लक्ष दिलं नाही, असं म्हणून सगळे मोकळे होतात. खरं तर आपल्याकडे परसबाग पावसाळ्यात सडते आणि उन्हाळ्यात वाळते, आणि या दोन्ही गोष्टी बियाणं पेरण्याआधीच ठरलेल्या असतात. म्हणून सुरुवात पुडीपासून नको, पाण्यापासून हवी.

हिशोब साधा आहे. मे महिन्यात, आच्छादन घातलेल्या वाफ्याला दर चौरस मीटरला रोज ५ ते ६ लिटर पाणी लागतं. ३ मीटर लांब आणि १ मीटर रुंद असे तीन वाफे म्हणजे दिवसाला ५० लिटरच्या आसपास. पाच माणसांच्या घरात न्हाणीतून ७५ ते १०० लिटर पाणी निघतं. म्हणजे उन्हाळ्यात तीनच वाफे जगवायचे. पावसाळ्यात आठ वाफे असले आणि ते सगळे मेपर्यंत ओढत नेण्याचा हट्ट धरला, की आठही जातात.

मात्र न्हाणीचं पाणी जसंच्या तसं भाजीला सोडू नये. साबणात सोडियम असतो. काळ्या चिकण मातीत तो साठत गेला की मातीचे कण सुटे होतात, वर पापुद्रा धरतो आणि खाली पाणी मुरत नाही. दोन वर्षांत वाफा सिमेंटसारखा होतो. न्हाणीच्या तोंडाशी दोन फूट खोल खड्डा करून खाली मुठीएवढे दगड, मध्ये गिट्टी, वर वीतभर जाड रेती टाकावी. खालून नळी काढून ते पाणी आळ्यांत न्यावं. वरची दोन बोटं रेती महिन्यातून एकदा काढून धुवावी, नाहीतर साबणाचा थर बसून खड्डा तुंबतो. या गाळणीनं मळ अडतो, सोडियम अडत नाही. म्हणून हे पाणी आधी केळी, पपई, मुंगण्याला (शेवग्याला). वेलांना आणि वांग्याला द्यायचं तर आठवड्यातून निदान दोन पाळ्या साध्या पाण्याच्या. सांभार (कोथिंबीर), मुळा, पालक यांना अजिबात नाही. कपडे धुतलेलं सोड्याचं पाणी तर परसबागेत येऊच देऊ नये.

अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणीच खारं. तिथे पन्हाळीखाली टाकी ठेवून पावसाचं पाणी साठवणं हाच पहिला खर्च. पालक आणि बीट खारटपणा बऱ्यापैकी सोसतात. घेवड्याच्या वाटेला तिथे जाऊच नये.

आता माती. काळ्या जमिनीत पावसाळ्यासाठी वीतभर उंच गादीवाफा लागतो. सपाट जमिनीत पेरलेली मेथी आठ दिवसांची झड लागली की पिवळी पडते, कारण मुळांना हवाच मिळत नाही. रुंदी एक मीटरपेक्षा जास्त नको, दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. ओल्या काळ्या मातीवर एकदा पाय पडला की तिथे वीटच तयार होते. वाफसा आल्याशिवाय, म्हणजे माती हाताला न चिकटण्याइतकी सुकल्याशिवाय, कुदळ लावू नये. उन्हाळ्यात याच्या उलट करायचं: वाफा जमिनीच्या दोन-तीन बोटं खाली, म्हणजे दिलेलं पाणी जागेवर राहतं. भंडारा-गोंदियाकडच्या मुरमाड जागेत पाणी थांबतच नाही, तिथे खत जास्त आणि पाणी थोडं थोडं, पण रोज.

काळी माती मोकळी करायला रेती मिसळा, असं सर्रास सांगतात. दोन घमेली रेतीनं काही होत नाही. होतं ते कुजलेल्या शेणखतानं आणि कुटारानं (मळणीनंतरच्या भुशानं). ३ चौरस मीटरच्या वाफ्याला एक भरलेलं घमेलं, साधारण १० किलो, चांगलं कुजलेलं शेणखत पुरे. मुठीत दाबल्यावर भुसभुशीत, वास मातीचा आणि हाताला गरम न लागणारं, ते कुजलेलं. अर्धकच्चं शेण टाकलं की मुळं खाणारी हुमणी अळी आणि उधई (वाळवी) दोन्ही येतात आणि दोष बियाण्यावर जातो. सोयाबीनचं कुटार दोन-तीन बोटं जाड पसरावं, पण खोडापासून चार बोटं दूर. खोडाला चिकटलं की बुंधा सडतो.

कधी काय लावायचं, इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. वांगी आणि मिरचीचं रोप रोहिण्यांत, म्हणजे मेच्या शेवटी-जूनच्या सुरुवातीला, टाकावं. पाचेक आठवड्यांत लावणीला येतं. बी एक सेंटिमीटरपेक्षा खोल नको आणि दाट तर मुळीच नको. दाट पेरून वर पाणी तुंबलं की रोपं जमिनीलगत सडून एका रात्रीत आडवी होतात. भेंडी, बरबटी (चवळीच्या शेंगा), गवार, दोडका, कारलं, आंबाडी पहिला सणसणीत पाऊस पडून गेल्यावर. भेंडीचं बी रात्रभर भिजवून, दोन ओळींत दीड फूट आणि दोन झाडांत एक फूट ठेवून. टमाटर भर पावसात लावलं तर करपा रोग सोडत नाही, त्याची लावणी पोळ्यानंतर करावी. पुढेही टमाटराला एक दिवस कोरडं आणि एक दिवस तुंबलेलं, असं पाणी नको. त्यानं झाडाला कॅल्शियम नीट मिळत नाही आणि फळाचं बूड काळं पडतं. ती कीड नसते, तिथे औषध मारणं वाया.

मेथी, पालक, मुळा, गाजर, सांभार दसऱ्याच्या आसपास. मेथी एकदम सगळी पेरू नये. वाफ्याचे चार भाग करून दर पंधरा दिवसांनी एक भाग, म्हणजे भाजी आठ दिवसांत संपत नाही. सांभाराचं बी लाटण्यानं हलकं रगडून दोन फाकळ्या कराव्या आणि रात्रभर भिजवावं. ते उगवायला आठ ते बारा दिवस घेतं; सहाव्या दिवशी उकरून पाहणारे स्वतःच कोंब मोडतात. संक्रांतीनंतर थंडी ओसरली की ढेमसं (टिंडा), काकडी, चवळाई (माठासारखी पालेभाजी) आणि भेंडीची दुसरी पेरणी. एप्रिलपासून या वाफ्यांवर दुपारच्या उन्हासाठी पश्चिमेकडून जुन्या साडीचा किंवा हिरव्या जाळीचा आडोसा हवा.

वालाबद्दल वेगळं सांगायला हवं. गावरान वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. पावसाळ्यात लावलेला वेल सप्टेंबरमध्ये नुसताच पसरलेला दिसतो, म्हणून लोक उपटून टाकतात. दोन महिने थांबलं तर थंडीत पोपटाच्या (वालाच्या) शेंगा घरच्या मिळतात. कोहळं, दोडका अशा वेलांना फळ धरत नसेल तर आधी फूल पाहावं: खाली इवलंसं फळ असलेलं ते मादी फूल, नुसत्या देठावरचं नर. कोहळ्याचं फूल पहाटे उघडतं, दोडक्याचं संध्याकाळी. त्या वेळी नर फूल तोडून, पाकळ्या काढून त्याचे परागकण मादी फुलाच्या मध्यावर टेकवावे. सुरुवातीची आठ-दहा फुलं नरच असतात, ती गळली म्हणून घाबरू नये. दुधी किंवा दोडका चाखल्यावर कडू लागला तर शिजवून पाहण्याच्या भानगडीत न पडता फेकावा. त्यातली कडू द्रव्यं विषारी असतात.

कुंपणाला लोक हाताशी असते म्हणून पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) वापरतात. त्यात वाळलेल्या बोंडांमध्ये गुलाबी बोंडअळी राहते आणि पुढच्या कपाशीवर जाते. भेंडीवरही ती पोसते. तुराट्या (तुरीच्या काड्या) किंवा बांबू बरा. बकरीला मात्र या दोन्हींचं काही वाटत नाही, तिथे जाळीच हवी.

किडींसाठी घरात कपाशीचं उरलेलं औषध असतंच, आणि हाच सगळ्यात मोठा धोका. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते आपण विसरलेलो नाही. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून बंदी आहे, तरी वावरातून आणलेली बाटली वांग्यावर रिकामी होते आणि वांगी दोन दिवसांनी ताटात येतात. पंपही वेगळा हवा. तणनाशकाचा पंप धुऊन वापरला तरी टमाटराची पानं दोरीसारखी पिळवटतात. वांग्याचा शेंडा मान टाकतो तेव्हा अळी आत असते, फवारा तिथे पोचत नाही. शेंडा दोन बोटं खालून कापून साबणाच्या पाण्यात बुडवावा, उकिरड्यावर टाकू नये. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर ते झाड उपटावंच, पांढरी माशी तो रोग शेजारी नेते.

फवारायचंच तर निंबोळी अर्क. वाळलेल्या निंबोळ्यांची अर्धा किलो भुकटी फडक्यात बांधून रात्रभर २ लिटर पाण्यात ठेवावी, सकाळी पिळून, गाळून त्यात २० ग्रॅम साबणचुरा घालावा आणि पाणी १० लिटर करावं. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारावं. उन्हात त्याचा जोर जातो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शनात माणशी रोज ४०० ग्रॅम भाजी सांगितली आहे. पाच जणांना २ किलो. वीस बाय वीस फुटांच्या परसबागेतून रोज एवढी भाजी निघत नाही, हेही पुड्या देताना सांगावं. निघतो तो पालेभाजीचा बराचसा भाग आणि आठवड्यातून दोन-तीन वेळची फळभाजी.

पुड्या वाटणाऱ्यांना एवढीच विनंती की त्या श्रावणात नको, रोहिण्यांच्या आधी द्याव्या. त्यात फुलकोबी घालण्यापेक्षा आंबाडी, बरबटी, ढेमसं, चवळाई आणि गावरान वाल असावा. पुडी हातात पडली की दहा दाणे ओल्या फडक्यात ठेवून पाहावे. सहापेक्षा कमी उगवले तर तेवढ्या हिशोबानं दाट पेरावं. निंबोळ्याही याच दिवसांत झाडाखाली पडतात. गर धुऊन त्या सावलीत वाळवून ठेवल्या नाहीत, तर वांग्यावर अळी येते त्या वेळी मिळत नाहीत.

आपली,
एक वाचक
ता. समुद्रपूर, जि. वर्धा